बावीस बटणं आणि एक जवारी

माझ्या सॉफ्टवेअरला बावीस बटणं होती आणि त्या बावीस बटणांचा मला भलताच अभिमान होता. कुणी तेविसावं मागितलं की माझं डोकं फिरायचं. 'श्रुतिमंच' हे त्याचं नाव. २०१९ साली, सत्तावीस वर्षांची असताना, मी ते जावा भाषेत लिहायला घेतलं आणि २०४१ उजाडेपर्यंत देशातल्या दोनशेहून जास्त इस्पितळांत ते चालत होतं. ज्यांचे कान पार गेले आहेत अशा माणसांच्या कानात बसवलेलं यंत्र त्या त्या माणसाला जुळवून देणं, हे त्याचं काम. इस्पितळातल्या श्रवणतज्ज्ञांनी पेशंटला समोर बसवायचं, बटणं मागेपुढे सरकवायची आणि विचारायचं, "आता नीट ऐकू येतंय?" बहुतेक जण हो म्हणायचे. मी पुण्यात बसून खूश असायचे.

म्हणून मिरजेहून मेहरुन शिकलगारचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडले. मेहरुन तिथल्या एका इस्पितळात श्रवणतज्ज्ञ होती. तिनं लिहिलं होतं, "मॅडम, तुमच्या बटणांनी माझ्या वडिलांना सगळं ऐकू येतं, फक्त त्यांचं काम ऐकू येत नाही. एकदा येऊन बघाल का?"

भांडायच्या तयारीनंच मी गेले.

मेहरुनचे वडील दस्तगीरचाचा सतारी बनवायचे. मिरजेत सतारमेकर गल्लीत त्यांचं दुकान, छताला वाळत टांगलेले भोपळे, खाली चटईवर ते स्वतः आणि शेजारी मेहरुन. वय चौसष्ट. सहा वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या आजारात जीव वाचवणारं औषध कानांवर उलटलं आणि दोन्ही कान गेले. गेल्या वर्षी त्यांना नवा कान बसवला. लोक त्याला 'दिवेवाला कान' म्हणतात आणि ते नाव काही चुकीचं नाही.

आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते. खर्जाचे सूर तिच्या आतल्या टोकाला कळतात, वरचे सूर दाराजवळ. जुन्या यंत्रात या नळीत बावीस जागी विजेचा सूक्ष्म झटका द्यायचे. पण वीज आजूबाजूला पाझरते, त्यामुळे बावीसच्या वर जागा वाढवून उपयोग नसायचा. बोलणं समजायला तेवढ्या पुरतात, गाणं समजायला नाही. नव्या यंत्रात आधी एका निरुपद्रवी विषाणूकरवी कानाच्या नसेत असं जनुक पोचवतात की तिला उजेड कळायला लागतो. मग केसाएवढ्या पट्टीवर बसवलेले दोनशे छप्पन्न बारीक दिवे त्या नळीत सरकवतात. उजेड पाझरत नाही, ज्या जागी पाडावा त्याच जागी पडतो. कानामागच्या डबीत आवाज शिरतो आणि आत दिव्यांची रांग लुकलुकते, तेच ऐकणं.

माझ्या बावीस बटणांचा हिशेब मात्र जुन्या बावीस जागांवरच बेतलेला होता. दिवे दोनशे छप्पन्न झाले तेव्हा मी त्यांचे बावीस गट पाडले आणि बटणं तशीच ठेवली. चाललं होतं की! मग कशाला हात लावायचा?

"या, बाई," चाचा म्हणाले. "तुमचं बोलणं झकास ऐकू येतंय. बाहेर रिक्षावाला भांडतोय, त्ये बी ऐकू येतंय. आता ह्ये बघा."

त्यांनी मांडीवरच्या सतारीची तार छेडली. माझ्या कानाला ती सुरेख वाजली.

"तुमाला काय ऐकू आलं?"

"सूर. आणि मागे तो झंकार, गुणगुणल्यासारखा."

"त्यो झंकार म्हंजी जवारी. मला काय ऐकू येतंय सांगू? पत्र्यावर खडा मारावा तसं. टण्ण, संपलं."

मग त्यांनी मला जवारी समजावली. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट दिसतो पण अगदी किंचित उतरता असतो. तार थरथरली की त्या उताराला हलकेच घासत राहते आणि एका सुरातून वरचे सहा-सात सूर हळूहळू उमलतात. तो उतार कानशीनं काढायचा, कागदाच्या जाडीहूनही कमी. डोळ्यानं तो दिसत नाही आणि मोजपट्टीवर मोजता येत नाही. एक हात घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. एक हात जास्त झाला तर घोडी फेकून द्यायची.

कोपऱ्यात खुंटीला टांगलेली, कापडात गुंडाळलेली एक सतार होती, धारवाडच्या एका बाईंची, सहा महिने जवारीसाठी थांबलेली. तिच्याखाली एक लाकडी पेटी होती. पेटीत चाचांच्या वडिलांच्या अकरा कानशी.

"पुढच्या म्हैन्यात दुसऱ्या गुरुवारी पुण्याच्या संग्रहालयाची मानसं यायची हायत," चाचा म्हणाले. "पेटी त्यांना दिली. काचेत ठेवत्यात म्हनं. ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं कानस धरायची न्हाई, असं आमच्या अब्बांचं म्हननं."

ते हे अगदी सहज बोलले, भाजी घेऊन ये म्हणावं तितक्या सहज. मेहरुन मात्र उठून आत गेली आणि बराच वेळ चहा करत राहिली.

तेवढ्यात माझं लक्ष एका ओल्या भोपळ्याकडे गेलं. तो लवंडू नये म्हणून त्याच्याखाली एक जाडजूड पुस्तक लावलं होतं. 'श्रुतिमंच : वापर पुस्तिका', चारशे दहा पानं, लेखिका पद्मजा मगदूम. म्हणजे मी.

मेहरुन चहा घेऊन आली. मी पुस्तकाकडे बोट केलं. ती जरा ओशाळली, पण मागे हटली नाही.

"मॅडम, मी ते दोनदा वाचलंय. जवारी त्यात नाही. मला नवं बटण नकोय, दार हवंय. श्रुतिमंचच्या आत पायथन भाषा बसवा. मी अब्बांसमोर बसून दहा-दहा ओळी लिहीन, ते ऐकतील, मी बदलीन. त्यांच्या कानशीसारखं."

"हे माणसाच्या नसेला जोडलेलं यंत्र आहे, शाळेचं गॅदरिंग नाही," मी म्हणाले. "प्रत्येक बटण सरकारच्या वैद्यकीय उपकरण समितीनं तपासलंय. उद्या कुणी पायथनमध्ये चार ओळी खरडून सगळे दिवे भसकन पेटवले आणि कुणाची नस भाजली तर?"

"मग दारावर पहारा ठेवा. दारच नको म्हणू नका."

मी आणखीच जोरात बोलायला लागले. जावा म्हणजे काय, पायथन म्हणजे काय, मी हे बावीस वर्षं कसं सांभाळलं. चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बाई, राग चांगला ऐकू येतोय तुमच्या यंत्रातनं."

पुण्याला परतल्यावर मी मेहरुन चुकीची आहे हे सिद्ध करायला बसले. चाचांच्या सतारीचा आवाज मी टिपून आणला होता. तो श्रुतिमंचमध्ये सोडला आणि दिव्यांचा आलेख बघितला. तार छेडल्याबरोबर दिवे लागले. मग वरचे सूर उमलायला लागले आणि ते उमलताच एकेक दिवा विझत गेला. मला कळेना. मी मागे मागे जात शोधत गेले तर सापडलं माझंच सातवं बटण, 'गोंगाट गाळा'. सतत चालणारी गुणगुण आली की ती पंख्याची किंवा मिक्सरची समजायची आणि पुसून टाकायची, असं मी त्याला शिकवलं होतं. मला त्यासाठी एक बक्षीसही मिळालं होतं. वर्षभर माझं सॉफ्टवेअर दस्तगीरचाचांची जवारी मिक्सर समजून पुसत होतं. आणि ते बटण बंद केलं तरी बावीस गटांच्या गाळणीत उरलेली जवारी अडकत होतीच.

मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी समितीकडे प्रायोगिक परवानगीचा अर्ज केला आणि मेहरुनला फोन केला. "दार करते. पण पहारा माझा."

जावा आणि पायथन या दोन भाषा एका घरात राहू शकतात, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. जावामध्ये प्रत्येक गोष्ट आधी जाहीर करावी लागते, नावनिशीवार. त्यामुळे मोठं, वर्षानुवर्षं टिकणारं काम तिच्यात चांगलं होतं. पायथनमध्ये मनात आलं की लिहायचं आणि लगेच चालवून बघायचं. मी श्रुतिमंचच्या पोटात पायथनचा दुभाषा बसवला. मेहरुन खिडकीत ओळी लिहिणार, दुभाषा त्या वाचणार, आवाजाची मापं जावाकडून घेणार आणि 'अमुक दिवा इतका उजळ करा' अशी विनंती परत पाठवणार. विनंतीच, हुकूम नाही. मध्ये माझा पहारा होता. शून्य ते दोनशे पंचावन्न हीच दिव्याची उजळण्याची हद्द, त्याबाहेरचं काहीही आलं तर तो दिवा बंद. जमून आलेली कृती शेवटी कानामागच्या डबीत भरायची, म्हणजे संगणकाशिवायही ती चालेल.

परवानगी आली. तीन आठवडे मी खपले. चाचणीचे सगळे आवाज उत्तीर्ण झाले.

संग्रहालयाची माणसं यायच्या आदल्या सोमवारी आम्ही दुकानात बसलो. चाचांच्या डबीपासून माझ्या लॅपटॉपपर्यंत एक वायर. मेहरुननं तीस ओळी लिहिल्या होत्या. गट मोडायचे, प्रत्येक वरच्या सुराला स्वतःचा दिवा द्यायचा आणि सूर उमलेल तसा तो दिवा चढवत न्यायचा. तिनं बटण दाबलं. चाचांनी तार अगदी हळू छेडली.

त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"आली," ते म्हणाले. "लांब हाय, पन आली."

मेहरुननं दोन आकडे बदलले. पुन्हा तार. "जवळ आली." पुन्हा दोन आकडे. तासभर हे चाललं होतं आणि मी नुसती बघत होते. बापलेकींना माझी गरज नव्हती. मला ते फार आवडलं, हे मी कबूल करते.

मग चाचांनी नखी चढवली आणि वाजवायची तशी जोरात तार मारली. त्यांचं तोंड कसनुसं झालं.

"भोक पडलं."

"म्हणजे?"

"सूर सुरू झाला की मधनंच गायब. कडंचं ऐकू येतंय, मधलंच न्हाई. जोरात मारलं की मुकं."

मी मेहरुनच्या ओळी तपासायला घेतल्या. चूक तिथंच असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ती म्हणाली, तुमचा पहारा तपासा. मी म्हणाले, पहारा समितीनं तपासलाय. दुपारपर्यंत आमचं बोलणं बंद झालं. मंगळवारही तसाच गेला; जास्त उजेडानं कान थकत असेल, असंही मी म्हणून पाहिलं. तिनं ओळी तीनदा नव्यानं लिहिल्या, मी पहारा तीनदा वाचला आणि भोक जागचं हललं नाही. संध्याकाळी चाचांनी पेटी पुसून दारापाशी आणून ठेवली. आम्हाला कुणालाच तिच्याकडे बघवेना.

बुधवारी सकाळी मी गेले तेव्हा चाचा एकटेच बसले होते. मेहरुन इस्पितळात होती. लॅपटॉप कालचाच, वायर जोडलेली. त्यांच्यासमोर एक फूटपट्टी होती आणि ते नखीनं तार छेडण्याऐवजी चिमटीत धरून ओढत होते, पट्टीवर बघून, एक रेघ, दोन रेघा, आणि सोडत होते. प्रत्येक वेळी जमिनीवर खडूची एक खूण.

"बसा, बाई. मशीन मला येत न्हाई, पन ऐकनं माझं काम हाय." त्यांनी खुणा दाखवल्या. "एक रेघ वडली, चांगलं. दोन, चांगलं. तीन, चार, वाढतच जातंय. पाचाला झकास. सहाला मुकं. तुमी काय म्हनला हुता, लई उजेड झाला की कान थकत आसंल? थकला तर हळूहळू थकंल की. चढावरनं मानूस दमत दमत येतो, एकदम नाहीसा होत न्हाई. ह्ये तर तुटतंय. कानात आसं तुटत नसतं. मापात तुटतं."

"मापात?"

"माझ्या हिशेबानं हा जोर दहा रेघांपत्तुर जायला पायजे. तुमचं पाचाच्या म्होरं काय न्हाई. तुमची पट्टी अर्ध्यातच संपतीया, बाई."

अर्ध्यात.

दोनशे पंचावन्नचं अर्धं एकशे सत्तावीस. मी लॅपटॉप ओढून पहाऱ्याच्या ओळी उघडल्या.

हे कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या पोरांना माहीत असतं. जावामध्ये 'बाइट' नावाचा जो सगळ्यात छोटा डबा असतो, त्यात दोनशे छप्पन्न वेगवेगळे आकडे मावतात खरे, पण जावा त्यातले अर्धे शून्याच्या खालचे धरते. त्यामुळे एकशे सत्तावीसपर्यंत सगळं सुरळीत आणि त्याच्यापुढे गेलं की घड्याळात बारानंतर एक यावा तसा आकडा वळसा घेऊन थेट उणे एकशे अठ्ठावीसवर येतो. पायथनमधून मेहरुन 'दोनशे' म्हणत होती. दारातून जावाच्या डब्यात उतरताना त्याचे उणे छप्पन्न होत होते. आणि माझा प्रामाणिक पहारेकरी, शून्याच्या खालचं काही आलं म्हणून, तो दिवा बंद करत होता. आवाज जितका मोठा तितका गडद अंधार.

बावीस वर्षांपूर्वी मला हे ठाऊक होतं. म्हणून तर मी प्रत्येक बटणाच्या आत दुरुस्तीची एक छोटी ओळ घातली होती. बटणातून कुणी आलं की ती ओळ आपोआप लागायची. दारातून येणाऱ्यासाठी कुणी ती ओळ ठेवली नव्हती, कारण मी दार कधी ठेवणारच नव्हते. आणि माझ्या चाचणीचे आवाज? "नमस्कार, आपलं नाव काय?" सगळे सभ्य, हळू आवाजातले. अर्ध्याच्या वर कुणी कधी गेलंच नव्हतं.

"चाचा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मेहरुनची नाही."

"सापडली न्हवं? मग झालं."

मी ती ओळ दारात घातली. नियमाप्रमाणे समितीच्या तपासनिसाला पाठवली. त्यानं ती आकड्यांच्या सगळ्या हद्दींवर चालवून दुपारी होकार कळवला. मेहरुनला मी फोन केला आणि ती 'हॅलो' म्हणायच्या आत माफी मागितली. ती रिक्षानं अर्ध्या तासात आली. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं हसून फक्त लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

चाचांनी नखी चढवली. तार मारली, वाजवायची तशी, पूर्ण जोरात.

मी तो सूर माझ्या साध्या कानांनी ऐकला आणि त्यांना काय ऐकू आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. सूर उठला, पसरला, त्याच्यावरचे सूर एकेक करून वर आले आणि शेवटचा विझेपर्यंत चाचांनी श्वास सोडला नाही. मग ते मेहरुनला घरच्या बोलीत काहीतरी म्हणाले आणि ती रडायला लागली. मीही रडले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, या सतारीची जवारी वाईट काढलीये. सहा वर्षांपूर्वी मीच काढली होती. कानस आण."

तिनं दारापाशी ठेवलेली पेटी उघडली.

पुढं काय काय झालं ते तुम्हाला बातम्यांतून ठाऊक असेल. वर्षभरात अकराशे लोकांनी स्वतःच्या ऐकण्याच्या ओळी स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी लिहून घेतल्या. इचलकरंजीतल्या एका माग दुरुस्त करणाऱ्यानं शंभर मागांच्या गलक्यातून तुटलेल्या धाग्याचा आवाज वेगळा काढला. यवतमाळच्या एका बाईंना फक्त कुकरची शिट्टी बारीक करायची होती, तीही झाली. एका गृहस्थांनी बायकोचं घोरणं पुसलं आणि तिला ते अभिमानानं सांगितलं. त्या घरात पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. एकाच घरात दोन माणसं दोन तऱ्हांनी ऐकायला लागली आणि एकमेकांना विचारायला लागली, "तुला हे कसं ऐकू येतं?" इतकी वर्षं हा प्रश्न आम्ही तज्ज्ञच विचारायचो. पहारा अजून माझाच आहे आणि अजून एकही नस भाजलेली नाही. पण मला सांगायचाय तो गुरुवार.

सकाळी दहाला संग्रहालयाचे जोशीराव आले. हातात पांढरे हातमोजे, सोबत मऊ कापसानं भरलेलं खोकं. चाचा चटईवर बसून धारवाडच्या बाईंच्या सतारीची घोडी घासत होते. एक हात, तार, कान. एक हात, तार, कान. जोशीराव दारातच थबकले.

"या, बसा," चाचा मान वर न करता म्हणाले. "चा घ्या."

"चाचा, त्या अकरा कानशी..."

"त्या कामाला लागल्यात."

जोशीरावांनी रिकाम्या खोक्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. चाचांनाही वाटलं असावं. त्यांनी कानस खाली ठेवली.

"शब्द दिला हुता तुमाला. मिरजेहून मोकळ्या हातानं कसं पाठवू?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग वाळत आलेला भोपळा उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्याखालचं जाडजूड पुस्तक काढलं. फुंकर मारली, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि दोन्ही हातांनी जोशीरावांपुढे धरलं. "ह्ये न्या. बावीस बटनं हायत ह्यात. जुनी चीज हाय, आता कुटं मिळायची न्हाई. काचेत ठेवा."

जोशीरावांनी मुखपृष्ठावरचं नाव वाचलं आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. मेहरुननं तोंडाला ओढणी लावली होती आणि तिचे खांदे हलत होते.

मी पर्समधून पेन काढलं.

"द्या इकडे," मी म्हणाले. "लेखिकेची सही असली की किंमत वाढते."

पहिल्या पानावर मी सही केली, तारीख घातली. जोशीरावांनी पांढरे हातमोजे चढवून ते पुस्तक कापसात ठेवलं आणि झाकण लावलं. मागे चाचांनी धारवाडच्या सतारीची तार पूर्ण जोरात मारली आणि मान हलवली.

"झाली," ते म्हणाले. "बाईंना फोन कर. म्हनावं, घेऊन जा."